शंभरपैकी सत्त्याण्णव

३ जून
आजपासून फिजिओथेरपी. उजवा खांदा. कारण: साडू. सासऱ्यांकडे सगळ्यांसमोर पंजा लढवताना त्याने माझा हात टेबलावर असा आपटला की खांदा कायमचा रुसला. वर विचारतो, साडूभाऊ, तुम्ही सुरुवात केली होती का? सगळे हसले. बायको सर्वांत जास्त.
२० जुलैला सासऱ्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस. तेच टेबल, तोच साडू. हात मात्र वेगळा असेल.

५ जून, सकाळी ८
हाताने पेडल मारायची सायकल. खुर्चीत बसायचे, पाय मोकळे. पोरखेळ.
दोन फेऱ्यांत जीव कळवळला. मशीन गंजले असावे. फिजिओबाई शेजारच्या सायकलवरच्या आजींकडे वळल्या तेव्हा हिरवे बटण दाबून पाहिले. मशीन सुतासारखे सरळ. बाईंना हे बटण ठाऊक नसावे. सांगितले नाही.

९ जून
वीस मिनिटे. घामाचा थेंब नाही. आजी चार मिनिटांत घामाघूम. वय झाले की असेच. माझ्या मशीनच्या पडद्यावर ९६ टक्के. शाळेतही कधी इतके पडले नव्हते. आजींना शून्य. त्यांना वाईट वाटू नये म्हणून तिकडे पाहिलेच नाही.

१७ जून
संकल्प: घरीही सराव. रबरी पट्टा दाराच्या कडीला बांधून रोज शंभरदा ओढणार. उद्यापासून.

१८ जून
कडी सैल वाटते.

२ जुलै
फॅमिली ग्रुपवर साडूला जाहीर आव्हान. त्याने नुसता अंगठा पाठवला. अंगठ्यातही मग्रुरी.
बायको म्हणाली, शर्टाची बटणं अजून मी लावते, आधी तेवढं जमवा. तिला डावपेच कळत नाहीत. मी ताकद राखून ठेवतो आहे.

११ जुलै
चाळीस मिनिटे. मध्ये डोळा लागला, तरी हात फिरतच होते. झोपेत ९७. साडूची आता कीव येते. थोडी.

१९ जुलै, सकाळी ९
फिजिओबाईंनी पडदा पाहिला. हे बटण कोणी दाबलं, म्हणाल्या. ते मोटरचे आहे. ज्यांचे हात हलतच नाहीत त्यांच्यासाठी. ९७ हा मोटरचा वाटा. माझा तीन.
मग आजींचे शून्य? त्यांची मोटर बंदच असते, म्हणाल्या. सगळं त्याच फिरवतात.
आजी फिरवत राहिल्या. ते जास्त लागले.
पंजा लढवलात तर पुन्हा पहिल्यापासून, अशी तंबीही मिळाली.

दुपारी २
दीड महिना रोज तीन टक्के. थेंबे थेंबे तळे साचते.

२० जुलै, सायंकाळी ७
साडू म्हणाला, आधी बाबांशी एक डाव खेळा, हात मोकळा होईल. सासऱ्यांनी डाव्या हातातला चहाचा कप खाली ठेवला नाही. चहा सांडलाही नाही.
या वेळी कोणी हसले नाही.
खांद्याला बर्फ लावायला शर्ट काढावा लागला. बटणे साडूने काढली. एकेक, जपून, दुखणार नाही अशी.
हेही मी लक्षात ठेवले आहे.