पिठाच्या डब्याची साक्ष

प्रिय पपा,

काल संध्याकाळी तुमच्या स्मरणार्थ घरी प्रार्थना झाली आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. दुसऱ्या कुणाला सांगावं तर म्हणतील, बाप गेल्यापासून पोरगी भ्रमिष्ट झाली. म्हणून तुम्हालाच लिहिते. घोळही तुमचाच आहे!

पिठाचा डबा आठवतो ना? ठाण्याची तुमची कंपनी बंद पडली, त्या वर्षी तुम्ही कोपरच्या आपल्या खोलीत फर्मान काढलं होतं. डब्यात कुणी वाकून बघायचं नाही, हात घालायचा आणि पीठ घ्यायचं. मग पवित्र शास्त्रातल्या त्या विधवेची गोष्ट. दुष्काळात तिने शेवटच्या मूठभर पिठाची भाकर संदेष्ट्याला वाढली आणि तिच्या मडक्यातलं पीठ सरलंच नाही. मला तेव्हाही वाटायचं, आपल्याकडे कुठला संदेष्टा जेवायला येतोय?

पण भाकरी होत राहिली. काम शोधत तुम्ही कल्याणपर्यंत पायपीट करायचात, रिकाम्या हातांनी परत यायचात आणि ताटात भाकरी असायची. घरप्रार्थनेत उभे राहून साक्ष द्यायचात, प्रभूने आमचा डबा रिता होऊ दिला नाही. सगळे आमेन म्हणायचे. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मग इस्पितळात तुम्हीच मला जवळ बोलावलंत. "करुणा, ते पीठ तुझी आई आणायची. कुठून, ते मी कधी विचारलं नाही. देवाचं नाव घेतलं की तिला कुणापुढे मान खाली घालावी लागत नव्हती. साक्षीत खोटं बोललो. तो क्षमा करील."

किती बरं वाटलं म्हणून सांगू! चमत्काराचा एकदाचा उलगडा झाला. शिवाय तुम्ही मला जरा जास्तच आवडलात.

आणि काल काय झालं? पाळकसाहेबांनी विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे का. चारचौघांत कधी तोंड न उघडणारी आपली आई उठली. म्हणाली, "कंपनी बंद होती तेव्हा माझ्याजवळ काही म्हणजे काही नव्हतं. पीठ हेच आणून टाकायचे, मला न कळू देता. नाव देवाचं सांगायचे. मीही कधी कळल्याचं दाखवलं नाही."

पपा, मग पीठ आणत होतं कोण?

लोक पांगल्यावर आधी हिराबाईंना गाठलं. शेजारच्या कोळीणबाई, मासळी घेऊन निघताना रोज आपल्या दारात डोकावणाऱ्या. म्हटलं, हे काम यांचंच असणार. त्या हसल्या. "अगं बाय, आमचे घरान तांदलाचं पीठ. तुमची भाकर जोंधल्याची. मी कुठून आनू?" पाळकसाहेबांना विचारलं, तर चर्चच्या मंडळीनेही काही दिलेलं नव्हतं. कशी देणार? तुम्हीच दर आठवड्याला सांगत होतात ना, आम्हाला काही कमी नाही म्हणून!

शेवटी आईला सगळं सांगितलं. ती ताटं पुसत होती. हातातलं ताट तिने खाली ठेवलं. मग म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मी चुकीच्या माणसाचे आभार मानले?" आणि पदरात तोंड घालून रडली, मधेच हसली, पुन्हा रडली.

एकदा तरी एकमेकांना विचारायचंत! एका खोलीत राहून एकमेकांची लाज राखत बसलात दोघं. पण विचारलं असतंत, तर त्याच दिवशी घाबरून डब्यात वाकून पाहिलं असतंत, हेही खरं.

आज सकाळी ती विधवेची गोष्ट पुन्हा वाचली. मडकं काठोकाठ भरलं, असं तिथे कुठेच लिहिलेलं नाही हो. सरलं नाही, एवढंच आहे. तिलाही रोज हात घालावाच लागला असेल, भीत भीत. मलाही अजून भीती वाटतेय. चमत्कार शास्त्रात वाचायला बरा, आपल्या स्वयंपाकघरात झाला की त्याच्या जवळ जायचा धीर होत नाही. डबा अजून फळीवरच आहे. मी त्यात वाकून पाहिलेलं नाही.

पपा, एक वचन देते. येत्या घरप्रार्थनेत मी उभी राहीन आणि ज्या साक्षीची मला लाज वाटायची, तीच तुमच्या शब्दांत देईन. तुम्ही क्षमा मागून गेलात. गरज नव्हती. तुम्ही खरंच बोलत होतात.

तुमची,
करुणा