बिस्किटच्या पुढच्या दहा नखांविषयी

विस्कॉन्सिन, १२ ऑक्टोबर

प्रिय लोवेल,

तुझा नवा खुबा काय म्हणतो? जिना चढतोस, की अजून खालीच खुर्ची टाकून हुकूम सोडतोस? तुझ्या लेकाचा, डेलचा खोकला थांबला का? सूनबाईंच्या पाठीला आराम पडला का? धाकटीला दात आले म्हणे; पहिला चावा आजोबांनाच मिळणार बघ.

मी ठणठणीत. गुडघे कुरकुरतात, पण सोफे मढवायला दुकान रोज उघडते. तुझा बोका बिस्किट माझ्याकडे राहून गलेलठ्ठ झालाय. कापडाचा गठ्ठा सोडला की हा त्यावर आडवा. चीज दिसलं की पंजा आपणहून पुढे करतो आणि मी नखांची टोकं तेवढी खुटकन कापते. दर दुसऱ्या रविवारी, न्हाव्याकडे बसल्यासारखा ऐटीत बसतो लबाड!

तू फोनवर म्हणालास, 'ताई, मंगळवारी डॉक्टरकडे नेऊन त्याची पुढची नखं काढून आण. त्याशिवाय नव्या घरात त्याला ठेवू देत नाहीत, आणि त्याच्याशिवाय मी जाणार नाही.' मी 'हो' म्हणाले. मंगळवारी गेलेही. डॉक्टरीणबाईंनी माझंच बोट धरलं आणि टोकाच्या पेरावर रेघ ओढून दाखवली. 'नुसतं नख नाही निघत, आर्डिस. इथून हाडासकट कापतात. दहाही बोटांचं.' मी मांजर उचललं आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी तडक तुझ्या नव्या इमारतीच्या व्यवस्थापक मिसेस नोवोत्नींकडे. त्या फणकारल्या, 'नियम म्हणजे नियम! आमच्या दिवाणखान्यातला सोफा बघा, मांजरांनी वाट लावलीय.' म्हटलं, बघतेच. शिवण उसवली आणि नाकच धरलं. 'अहो, कापडावर एक ओरखडा नाही. आतला फोम मात्र मुतून कुजलाय. कुणाची मांजरं ही?' त्या म्हणाल्या, 'इथलीच. सगळी नखं काढलेली! नियमच आहे ना...' आणि वाकून स्वतःच त्या फोमचा वास घेतला. मी म्हटलं, 'फाटलेलं कापड मी एका दुपारी बदलून देते. लाकडात मुरलेलं हे काढायला मला येत नाही, आणि येणारा मला अजून भेटला नाही.'

लोवेल, तो वास मी ओळखला. आपली पर्ल आठवते? ती पळून गेली, असं मी तुला सांगितलं होतं. पळाली नव्हती रे. पहिला सोफा मढवला त्याच्या कौतुकात मी तिची नखं काढून आणली. मग वाळूच्या ट्रेत ती पाय ठेवेना, पाय दुखत असणार. गालिच्यावर मुतायची, हात लावला की चावायची. मी तिला एका शेतावर सोडून आले. नखांशिवाय. चाळीस वर्षांत हे कुणाला सांगितलं नाही.

बिस्किटसाठी मात्र सगळं केलंय. पलंगाचा जुना खांब सुतळीने घट्ट गुंडाळून जड फळीवर ठोकलाय, हलता हलत नाही. लोक असला खांब तळघरात ठेवतात आणि मांजर सोफा ओरबाडतं म्हणून बोंबलतात! झोपेतून उठून त्याला आपल्या देखत आळस द्यायचा असतो. खांब सोफ्याशेजारीच ठेव. तुझा जाड विणीचा सोफाही दाट मखमलीत मढवलाय, त्यात नख अडकत नाही. बिस्किटने दोनदा पंजा मारून पाहिला आणि मी दगा दिल्यासारखा माझ्याकडे बघत खांबाकडे गेला. मिसेस नोवोत्नी हे बघायला दुकानात आल्या होत्या. तासाभराने तो त्यांच्या मांडीवर घोरत होता आणि त्या कुजबुजत होत्या, 'आता मी उठू कशी?'

हे पत्र लिहायचं खरं कारण पाकिटात आहे. तुझा भाडेकरार. नखांचं कलम त्यांनी स्वतःच्या पेनाने खोडलंय आणि खाली लिहिलंय: मांजराचा मालक दर दुसऱ्या रविवारी नखं कापेल आणि खांब सोफ्याशेजारी ठेवेल. त्याखाली बिस्किटचा पंजा मी शाईत बुडवून उमटवलाय. नीट बघ, बोटं शाबूत आहेत. तुझी सही तेवढी बाकी आहे. एक तारखेच्या आत त्यांच्या हाती पडायला हवी, म्हणून लगेच सही करून उलट टपाली पाठव. आणि पर्लचं वाचून माझ्यावर रागावला असशील, तर तेही दोन ओळी लिही.

तुझीच थोरली,
आर्डिस