गोंड्याला कडुलिंबापर्यंत नेताना

प्रिय आप्पा,

वडिलांना 'तीर्थरूप' लिहायचं असतं, हे शाळेतलं मला आठवतं. तसं लिहिलंही होतं. पण वाचल्यावर तुम्ही फार लांब बसला आहात असं वाटलं, म्हणून दुसरा कागद घेतला. फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. तुमचा फोन नेहमी स्पीकरवर असतो आणि शेजारच्या निंगव्वा मावशी तिथंच बसलेल्या असतात. मी तब्येत विचारली की तुमच्याआधी त्याच सांगतात, "बरं हाय रं त्यास्नी, काळजी करू नगंस." परत कधी येताय, असं मी चार वेळा विचारलं. चारही वेळा तुम्ही "बघू की" म्हणालात आणि हरभऱ्याचं बोलायला लागलात. आता हरभरा निघूनही पंधरा दिवस झाले. म्हणून लिहितोय. हे पत्र एकट्यानेच वाचा, चष्मा लावून, सावकाश.

पहिली बातमी ही की आपल्या घरात कुत्र्याचं पिल्लू आलं आहे. आमच्या कारखान्यात चिंध्यांची खोली आहे, तिथं एक कुत्री व्याली होती. सुताच्या गुंत्यात चार पिल्लं. तिघांना घरं मिळाली, हा एकटा राहिला. वॉचमन रावजींनी सुट्टीच्या वेळी त्याला उचलून माझ्या डब्याच्या पिशवीत ठेवलं आणि म्हणाले, "ने की लेका. तुमच्या घरात जरा आवाज तरी हुईल." रंग तांबूस, शेपटीचं टोक पांढरं आणि पिंजारलेलं, चादरीच्या गोंड्यासारखं. म्हणून तुमच्या सुनेने, चंद्रिकेने, नाव ठेवलं गोंड्या. तुम्ही गेल्यापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. त्या संध्याकाळी ती त्याच्याशी तासभर कानडीत बोलत बसली.

आता तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. पिल्लू घरात घाण करणार, या काळजीने मला पहिल्या दिवशी जेवण गोड लागलं नाही. मी एक वही केली. किती वाजता दूध प्यायला, किती वाजता झोपला, किती वाजता आणि कुठे केली, सगळं रेघा मारून लिहिलं. लोक म्हणतात की कोपऱ्यात जुने पेपर पसरावेत, पिल्लाला तिथं करायची सवय लागते. आपल्याकडे पेपर येत नाही. पण कारखान्यात खराब निघालेल्या टॉवेलचे तुकडे पोत्याने पडलेले असतात. सुपरवायझरना विचारून मी एक पोतं आणलं आणि मोरीजवळ टॉवेलचे तुकडे अंथरले. गोंड्या फार हुशार निघाला. चौथ्या दिवशी तो स्वतःहून चालत तिथं गेला, गोल फिरला, बसला. मी वहीत 'शंभर टक्के' असं लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

पाचव्या दिवशी कळलं की तो काय शिकला आहे. तो कोपरा शिकला नव्हता, टॉवेल शिकला होता. चंद्रिका टॉवेलच्या कडा शिवते ते तुम्ही पाहिलं आहेच. शिवून झालेले गठ्ठे भिंतीला लावून ठेवलेले असतात. गोंड्या त्यातल्या सगळ्यात वरच्या, पांढऱ्याशुभ्र टॉवेलवर चढला आणि मोठ्या विश्वासाने माझ्याकडे बघत त्याने कार्यक्रम उरकला. नंतर शाबासकीसाठी शेपटीही हलवली. चंद्रिका आधी ओरडली आणि मग हसून हसून मशीनवर डोकं टेकून बसली. "अख्ख्या सोलापुरात तुमाला ह्याच्यासाठी टॉवेलच सापडला व्हय?" म्हणाली. तिचं खरं होतं. दोरीवर टॉवेल, खुंटीला टॉवेल, शेजारीपाजारी टॉवेल. ह्या गावात असलं शिक्षण घेतलेलं कुत्रं घेऊन माणूस जाणार कुठं? दुसऱ्या दिवशी घरमालक महिपतीकाका आंघोळ करून ओट्यावर बसले होते, त्यांच्या खांद्यावरून टॉवेल खाली पडला. पुढचं मी लिहीत नाही.

मी मात्र हसलो नाही. मी गोंड्यावर ओरडायला लागलो. हात उगारला, मारलं नाही, पण उगारला. दोन दिवसांत घर कोरडं झालं. मला वाटलं, जमलं. मग चंद्रिकेने झाडताना धान्याचा डबा सरकवला तर त्याच्यामागे ओलं. कॉटखाली, अगदी भिंतीजवळ ओलं. माझी चाहूल लागली की पिल्लू पोट जमिनीला घासत आत सरकायचं. मी फडकं घेऊन कॉटखाली शिरलो होतो तेव्हा महिपतीकाका दारात येऊन उभे राहिले. त्यांनी गावाकडे आयुष्यभर कुत्री पाळली आहेत. म्हणाले, "अन्या, तू वरडलास, त्याला काय कळलं ठावं हाय का? घरात करू न्हाय, हे न्हाय कळलं. तुझ्या म्होरं करू न्हाय, एवढंच कळलं. आता ते लपवंल. भरल्यावर धरून ठेवता येत न्हाय त्याला, त्यात त्याचा काय गुन्हा रं?"

ते बोलून गेले. मी कॉटखालीच राहिलो, बराच वेळ. चंद्रिकेने दोनदा हाक मारली.

त्यांनी सांगितलं तसं आता करतो. झोपून उठला की बाहेर, दूध प्यायला की बाहेर, मध्ये दर दोन तासांनी बाहेर. मागच्या दाराने, मोरीला वळसा घालून, कडुलिंबापर्यंत. तिथं त्याने केली की लगेच पाठीवर हात फिरवायचा. घरात झाली तर तोंडातून शब्द काढायचा नाही, चेहरासुद्धा वाकडा करायचा नाही. पुसायचं, वास राहू नये म्हणून धुवायचं आणि विषय संपवायचा. शब्द न काढणं मला लवकर जमलं. चेहऱ्याला दहा दिवस लागले. आता तो स्वतः मागच्या दाराशी जाऊन कुंईकुंई करतो. कधी वेळ चुकते. चुकली तर चुकली. वही मी बंद केली आहे.

आता ज्यासाठी दोन कागद वाया घालवले ते लिहितो. आप्पा, माझं कामच डाग शोधायचं आहे. दिवसभर टेबलावर टॉवेल पसरायचे, ट्यूबलाइटखाली बघायचं, डाग दिसला की खडूने गोल करायचा. ती नजर कारखान्यात ठेवून घरी येता येत नाही. तुम्ही संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला आलात, त्याच्या पाचव्या दिवशी सकाळी तुमच्या गादीवर मला ओला डाग दिसला. त्यावर तुम्ही चादर घडी करून ठेवली होती. मी उठायच्या आत तुम्ही तुमचं धोतर धुऊन, पिळून दोरीच्या पार टोकाला वाळत घातलं होतं. तुम्ही चहा पिताना मला म्हणालात, "आज लवकर जाग आली." मी म्हणालो, "थंडी आहे ना." आपण दोघांनीही तिथंच थांबायला हवं होतं. पण मी थांबलो नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही सिद्धेश्वराला गेलात, तेव्हा मी पॅकिंगचं प्लास्टिक आणून तुमच्या गादीवर चादरीखाली अंथरलं आणि चारही कोपरे टाके घालून पक्के केले. चंद्रिका म्हणाली, "आदी त्यास्नी विचारा तरी." मी म्हणालो, विचारलं तर त्यांना वाईट वाटेल. ती म्हणाली, "आणि न विचारता?"

तुम्ही येऊन गादीवर बसलात आणि ते वाजलं. तुम्ही हाताने चादर चाचपली. मी मोबाइल बघत असल्यासारखं केलं. माझ्या मोबाइलवर तेव्हा काहीही नव्हतं, आप्पा. सकाळी उठलो तर तुम्ही खाली फरशीवर घोंगडी टाकून झोपला होतात आणि गादी गुंडाळून भिंतीला लावून ठेवलेली होती. तुम्ही पिशवी भरली, "हरभऱ्याला पानी द्यायचं हाय" म्हणालात. चंद्रिकेने केलेला चहा तसाच ठेवलात. मला वाटलं, रागाने. घरातून निघताना तुम्ही नेहमी 'बर्तीनी' म्हणता, येतो म्हणून. आईसुद्धा जातो म्हणू द्यायची नाही. त्या दिवशी तुम्ही 'नीट ऱ्हावा' एवढंच म्हणालात.

पिल्लाशी मी तुमची बरोबरी करत नाही, हे वाक्य मी आधी वेगळ्या कागदावर लिहून पाहिलं, कारण ते चुकलं तर सगळंच चुकेल. शहाणा व्हायला मला पिल्लू लागलं, एवढंच खरं. त्याच्यावर ओरडलो तर तो कॉटखाली गेला. तुम्ही गावी, वळसंगला गेलात.

प्लास्टिक मी महिपतीकाका बोलले त्याच आठवड्यात उसवून काढलं, आता ते पावसाळ्यासाठी मोटारसायकलीच्या सीटवर घालणार आहे. तुमची कॉट मागच्या दाराजवळ हलवली आहे आणि दाराबाहेर बल्ब लावला आहे. तुमचं नाव न घेता मी इथल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, वयाने असं पुष्कळांना होतं, तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, पण बहुतेकांना औषधाने फरक पडतो. पडला तर चांगलं. नाही पडला तर गाद्या धुता येतात, आपल्याकडे पाणी आणि ऊन दोन्ही आहे. टॉवेल तर विचारूच नका. आणखी एक अडचण आहे, ती चंद्रिकेची. शिलाई सोडून दर दोन तासांनी गोंड्याला कडुलिंबापर्यंत न्यायला तिला जमत नाही. तुम्हालाही तेवढ्याच वेळाने उठावं लागतं. हे वाक्य मी खोडलं होतं. चंद्रिका म्हणाली, राहू दे, आप्पा हसतील.

येत्या रविवारी मी तुम्हाला न्यायला येतोय. "बघू की" म्हणू नका. एसटीने नाही, मोटारसायकलीने. त्या दिवशी तुम्ही चहा का प्यायला नाहीत, हे मला दीड महिन्याने कळलं. एसटी मध्ये थांबत नाही. म्हणून रविवारी निंगव्वा मावशींकडे चहा पोटभर प्या, वर पाणी प्या, कशाचाही विचार करू नका. वळसंगपासून घरापर्यंत तुम्ही नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवा. जितक्या वेळा ठेवाल तितक्या वेळा गाडी थांबेल. मी रस्त्याकडे तोंड करून उभा राहीन. मला घाई नाही.

तुमचाच,
अनिल