सासू चावते, सुना चावत नाहीत

२३ सप्टेंबर, शुक्रवार

चावलंच शेवटी साहेबाला! अंगठ्याच्या बेचक्यात, बरोबर तिथंच. रक्त आलं. मी तोंडाला पदर लावला, नाहीतर हसलेली दिसले असते. आमच्या ह्यांच्या, सुभेदारांच्या हातालाही त्याच जागी पांढरा वण होता. ब्राउनिंगचं हे जुनं पिस्तूल असंच — गोळी सुटली की मागचा घोडा उलटा येतो आणि हाताचं कातडं धरतो. सुभेदार म्हणायचे, नीट धरायला शिकवतं ते. साहेबाचा हात आता जाड झालाय, तो काय शिकणार.

साहेब म्हणजे अबू नासेर. दोहाजवळ उम्म सलालला त्याची शेतवाडी, मागच्या अंगाला आमच्या खोल्या. परवान्याची पिस्तुलं जमवायचा नाद त्याला. ती उघडायची, पुसायची, परत बसवायची, हे काम माझ्या प्रतापचं. फौजेत आर्मरर होता तो, हत्यारं दुरुस्त करायचा. मी व्हिजिट व्हिसावर आलेय, सून मालविका अल नस्रच्या क्लिनिकात नोकरीला जाते म्हणून भाकऱ्या थापायला.

साहेब म्हणाला, खलास, आता नवीन घेतो.

३० सप्टेंबर, शुक्रवार

दोन नवीन आली. तेच पिस्तूल म्हणे, आताच्या कारखान्यांनी सुधारून काढलेलं. मी नावं ठेवून टाकली. जुनं ती सासू. नवी दोन थोरली सून आणि धाकटी सून. प्रतापने साहेबाला सांगितलं तर तो मांडीवर थापा मारून हसला. आता तोही सासू-सुना म्हणतो.

संध्याकाळी झाडाखाली खुर्ची टाकून सुनांचं कौतुक चाललं होतं. हिंदी चांगली बोलतो मेला. थोरली चावत नाही. तिचा नेमाचा काटा मोठा आहे, म्हाताऱ्या डोळ्यांना दिसतो. धाकटीत गोळ्या जास्त मावतात, चाप ओढायला हलका. सासूचा ओढायचा म्हणजे विहिरीतून बादली. सगळं गुणाचंच सांगत होता, आणि बोलताना हात मात्र सासूवरून फिरवत होता. मी विचारलं, मग नडतंय कुठं? म्हणाला, "उम्म प्रताप," — म्हणजे प्रतापची आई, अशीच हाक मारतो मला — "नई वाली गलती माफ करती है. इसलिए याद नहीं रहती."

बरं बोलला. पण माझं लक्ष प्रतापकडे. धाकटी उघडून बसवत होता. खीळ भोकात जाईना. परत केलं, परत. हात थरथरत होता. मी बघतेय म्हटल्यावर पाठ फिरवली.

१ ऑक्टोबर

विचारलं. म्हणाला, एसीचा गारठा आहे. चाळीस डिग्रीत गारठा!

मालविकाला माहीत आहे. मे महिन्यापासून म्हणाली. डॉक्टरकडे चला म्हटलं की ताट ढकलून उठतो. साहेबाला कळलं तर नोकरी जाईल, नोकरी गेली की व्हिसा गेला, माझ्या नातीची, नुपूरची शाळा गेली. हे सगळं सुनेने कांदा चिरत सांगितलं. डोळे कांद्याचेच असं समजून घेतलं मी.

४ ऑक्टोबर, खंडेनवमी

पूजा केली. साहेबाला विचारूनच. हत्यारांच्या खोलीत तो नव्हता, प्रताप दाराबाहेर फोनवर. सासूला कुंकवाचं बोट लावलं, वाडीतलं झेंडूचं फूल ठेवलं. तांदूळ नेले होते वाटीतून, ते तसेच परत आणले. लोखंडात दाणा गेला तर सुभेदार खवळायचे. सुनांना काहीच लावलं नाही. आजवर काय केलंय त्यांनी!

५ ऑक्टोबर

दसरा. आपट्याची पानं नाहीत. इथल्या कुठल्याशा झुडपाची दिली. नुपूर म्हणाली, फेक गोल्ड.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

रात्र झाली, आता लिहिते.

कुवेतहून साहेबाचा मेहुणा आलाय, फुटबॉलचा वर्ल्ड कप संपेपर्यंत राहणार. सगळे नेमबाजीच्या भिंतीपाशी. मी अलीकडे दोरीवर कपडे वाळत घालत होते. मेहुण्याने धाकटी घेतली. एक गोळी गेली. दुसरीला आवाज आला तो वेगळाच. पिस्तूल अर्धं उघडं राहिलं, खीळ बाजूने बाहेर आलेली. तो शहाणा काय झालं म्हणून वळला — पिस्तुलासकट! तोंड सरळ माझ्याकडे. प्रतापने धावत जाऊन त्याचं मनगट खाली दाबलं.

काही सुटलं नाही. हातात नुपूरचा शाळेचा फ्रॉक होता, तो पिळून पिळून मी त्याची दोरी केली म्हणे. मला आठवत नाही.

१५ ऑक्टोबर

मेहुणा म्हणतो पिस्तूल खराब. साहेब म्हणतो पिस्तूल नवं आहे, बसवणारा कोण? दोहातून एक गोरा मिस्त्री बोलावतो म्हणाला, फुटबॉलच्या पाहुण्यांपुढे असलं नको. आणि प्रतापचं पुढं काय ते उद्या बोलू.

प्रताप जेवला नाही. दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलाय, लहानपणी छडी चुकवायला बसायचा तसा.

१६ ऑक्टोबर, रविवार

मी मजलिसमध्ये गेले. पुरुषांची बैठक ती, बायका जात नाहीत. गेले. साहेबाला म्हटलं, दोष पोराचा नाही, माझा. पूजेच्या दिवशी धाकटीवर तांदूळ वाहिले, आत गेले असतील. प्रतापला माहीत नाही.

साहेबाने चहाचा पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "अम्मा, पिस्तौल को चावल खिलाया?"

आणि जे हसला! मेहुणा हसला, चहावाला हसला. मी मान खाली घालून उभी राहिले. साठ वर्षं कुणापुढे घातली नव्हती. हत्यारांच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही असं बजावलं मला. गोरा मिस्त्री रद्द. प्रताप राहिला.

१८ ऑक्टोबर

सगळीकडे झालंय. पाणी आणणारा टँकरवालासुद्धा चावल-चावल करतो. करू दे. त्याला म्हटलं, तुझ्या टँकरलाही खिलवते, ये.

प्रतापने झाडलं मला. आई, अक्कल गहाण टाकली होती का, माणूस मेला असता! पण झाडताना तोंडावर ऊन पडल्यासारखं. चार भाकऱ्या खाल्ल्या. आणखी आहे का विचारलं.

२२ ऑक्टोबर, शनिवार

आज क्लिनिकात जायचं होतं. मालविकाने मिनतवारीने मोठ्या डॉक्टरची वेळ घेतलेली. प्रताप गेलाच नाही. बायकोला म्हणाला, "कशाला? हात चांगलाय माझा. तांदूळ होता आईचा."

मी स्वयंपाकघरात. हातातली परात तशीच.

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. साहेबासाठी खोटं बोलले, आणि विश्वास ठेवला पोराने. इतके दिवस घाबरून का होईना, हाताकडे बघत तरी होता. आता बघत पण नाही.

२३ ऑक्टोबर

एकटा गाठून सांगितलं. तांदूळ नव्हते रे, मी टाकलेच नव्हते. तो हसला. म्हणाला, आई, आता मला डॉक्टरकडे पाठवायला हे काढलंस होय? पहिलं खरं मानू की दुसरं?

देवाची शपथ घेतली. म्हणाला, शपथेवर साहेबालाही सांगितलं असतंस.

२५ ऑक्टोबर

दिवाळीचं गोड गेलं नाही. पहिल्या तारखेपासून व्हिजिट व्हिसा बंद, फुटबॉल आहे ना, म्हणून माझी मुदतही वाढवून मिळत नाही. तीसचं माझं विमान. मालविका म्हणते, आई, तुम्ही गेलात की हे माझं अजिबात ऐकणार नाहीत.

शुक्रवारी मोठी नेमबाजी ठेवलीय. साहेबाची नातवंडंसुद्धा येणार, बघायला. धाकटी परत काढणार. मेहुण्याचा हट्ट. प्रताप सकाळपासून ती उघडून बसलाय.

२७ ऑक्टोबर

बॅग भरली. दुपारी खिडकीतून बघितलं. खीळ बसवताना हात भिंतीला टेकवून धरला होता, हलू नये म्हणून. म्हणजे त्यालाही माहीत आहे.

हे साहेबाला सांगितलं तर प्रतापची नोकरी माझ्याच तोंडाने जाते. जन्मात माझं तोंड बघणार नाही तो, आणि त्याचं बरोबर असेल.

२८ ऑक्टोबर, शुक्रवार

पाहुणे जमलेत. पोरं भिंतीपाशी खेळताहेत.

प्रतापने मला स्वतः चहा आणून दिला. बशीभर सांडलेला. म्हणाला, कप जरा जास्तच भरला गेला.

कप अर्धाच होता.

चपला घातल्यात. मजलिसमध्ये जातेय.