न सांगायचा डोंगर

बेलव्ह्यू, जून

प्रिय आई,

इथूनच वाकून नमस्कार. फोनवर तुला ऐकू येत नाही, मग मी ओरडते आणि तुला वाटतं मी चिडलेय. म्हणून हे पत्र.

ऑगस्टमध्ये जपानला जातेय, युदोनो नावाच्या देवाच्या डोंगरावर. घाबरू नकोस, रोज इथली टेकडी चढून प्रॅक्टिस करतेय. सॅकमध्ये वजन म्हणून कणकेची पिशवी असते. परवा एका मराठी काकूंनी गाडी थांबवली, "अगं, एवढं सामान घेऊन चालत कशाला? बस!"

शंतनू येत नाहीये, तुझ्या जावयाला काम आहे. एकटीपुरता कुकर लावायचा कंटाळा येतो, पण लावते हं.

तिथेही देवापुढे अनवाणीच जायचं, आपल्यासारखं. आणि एक जुना नियम आहे. वर काय पाहिलं ते कुणी सांगायचं नाही, कुणी विचारायचंही नाही.

तिथून सरळ तुझ्याकडे येतेय. गुडघा कसा आहे? लिंबाचं लोणचं उरलंय का?

आई, पहिले दोन दिवस आपल्या घरातही तो नियम पाळूया? मग सगळं सांगेन. ओरडणार नाही, तुझ्या कानाशी बसून सांगेन.

तुझीच,
वैजू