फलाट क्रमांक नऊ

बाबा, तुमचं ते पुस्तकं वाचणारं यंत्र मी गेल्या महिन्यात कपाटातून काढलं. अकरा वर्षं पडून होतं, तरी चार्जिंगला लावल्यावर बोललं. तळहातात मावणारं, पाचच्या बटणावर उंच ठिपका असलेलं. आता ते मला लागणार आहे, म्हणून आधी त्यातली फोल्डरं नीट लावायला घेतली.

तुम्ही त्यांना फोल्डर कधी म्हणालाच नाहीत. मेहकरच्या स्टँडवर उभा जन्म गाड्या पुकारण्यात गेला, डोळे गेल्यावरही वेळापत्रक तोंडपाठ, त्यामुळे यंत्रातही फलाटच. एकवर कीर्तनं, दोनवर कादंबऱ्या, तीनवर शेतीच्या गोष्टी. पहिल्यांदा मी नुसते आकडे टाकले, आणि यंत्रानं एकनंतर थेट दहा वाचला. केवढे चिडला होतात. "दहावी गाडी पहिलीच्या मांगं काऊन लावली? मानसं चुकीच्या गावाले जातीन ना." मग आकड्याआधी शून्य टाकायचं हे मी शोधून काढलं, तेव्हा कुठे तुमचा राग उतरला. नववा फलाट तेवढा तुम्ही रिकामा ठेवायला लावलात. "लाल बटनाचं सगळं रेकॉर्डिंग नऊवर जाऊ दे. भजनाच्या चाली म्हणून ठेवतो. तू ऐकू नोको, मले लाज वाटते." ती सोय मीच करून दिली. तुम्ही गेल्यावरही ऐकलं नाही, तुमची लाज राखायची म्हणून.

पंधरा दिवसांपूर्वी ऐकलं. सोळा फाइली आहेत आणि भजन एकही नाही. पहिल्याच फाइलीत तुमचा स्टँडवरचा आवाज. "लक्ष द्या. बाई, तू हे ऐकून राह्यली म्हंजे तुले आता कमी दिसत असंन. डॉक्टरनं मले तवाच सांगतलं होतं."

तवाच म्हणजे कधी, हे मला विचारावं लागलं नाही. मी बावीस वर्षांची. दिवेलागणीनंतर सायकलवर खड्डे दिसत नव्हते, म्हणून तुम्ही मला खामगावच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. तपासून झाल्यावर म्हणालात, "जाय, बाहेर पानी पिऊन ये." मी पाणी पिऊन येते तर तुम्ही उठून उभे, म्हणालात, "काई नाई, नंबर वाढला." मग स्टँडवर गरम कचोरी घेऊन दिलीत, स्वतः खाल्ली नाहीत. त्या कचोरीची आठवण मी किती जणांना कौतुकानं सांगितली आहे. बापाचं प्रेम म्हणून सांगितली. आता चीड येते, बाबा. तुम्ही मला बाहेर पाठवून माझ्याच डोळ्यांचं माझ्यामागे ठरवलंत.

त्याच वर्षी मी चित्रकलेच्या कोर्सला जाते म्हणाले. तुम्ही "हाव, जाय" म्हणालात. एवढंच. पुढे वीसेक वर्षं मुलांना रंग शिकवले, आणि या जूनमध्ये हेडमास्तरांनी हळूच विचारलं, "मॅडम, पानं तपकिरी काऊन रंगवली?" तेव्हा सांगितलं असतं तर मी ब्रेल शिकले असते. बाविसाव्या वर्षी बोटं शिकतात. सेहेचाळिसाव्या वर्षी माझ्या बोटांना ते सगळे ठिपके सारखेच लागतात, आणि शिकवणारी मुलगी माझ्या लेकीच्या वयाची आहे, तिच्यासमोर मला रडू येतं.

बाकीच्या फाइली शिकवणीच्या आहेत. चहा ओतताना बोटाचं टोक कपाच्या आत धरावं, चटका बसला की थांबावं. साखरेच्या डब्याची जागा घरात कोणालाही बदलू देऊ नये. रस्ता ओलांडताना घाई असलेल्या माणसाचा हात धरू नये. सगळं उपयोगाचं आहे. पण तुम्ही धडे तयार केलेत आणि मला कोरं ठेवलंत. समोर बसून एकदा बोलायला काय झालं होतं? तीन हजार माणसांसमोर माइकवर बोलणारा माणूस घरात एका मुलीला घाबरला. मी तुम्हाला अजून माफ केलेलं नाही, आणि चहा मात्र रोज तुम्ही सांगितला तसाच ओतते.

हे जाड पेनानं मोठ्या अक्षरांत लिहितेय, तरी ओळी एकमेकींवर चढत असतील. वाचून कोणाकडून घेणार नाही. कपाटात यंत्राच्या डब्यातच ठेवीन.

एक सांगायचं राहिलं. माझी लेक बारावीला आहे. गेल्या आठवड्यात दिवेलागणीला अंगणातल्या बादलीला अडखळून पडली आणि हसत म्हणाली, "आई, बादली मधात कोनं ठेवली?" बादली रोजच्याच जागी होती. काल मी यंत्रातला दहावा फलाट रिकामा केला आणि लाल बटणाचं रेकॉर्डिंग तिकडे वळवलं. ती शेजारीच बसली होती. म्हणाली, "दहावर काय हाय?"

"चित्रांच्या नोंदी," मी म्हटलं. "तू ऐकू नोको, मले लाज वाटते."