वस्तादांच्या घरचा सुंठीचा उकाळा

मामंजी,

तीर्थरूप लिहायला हात उठला नाही, म्हणून नुसतंच मामंजी. काल तुमचं तेरावं झालं. गाव जेवून गेलं. उद्याच्या मोटारीनं मी हे घर सोडून चालले, म्हणून आज लिहायला बसले. या घरात नांदायला आल्यापासून तुमच्यासमोर 'जी', 'व्हय' आणि निरोपाचे चार शब्द, यापलीकडे मी बोलले नाही. सुनेनं सासऱ्यापुढं तोंड उघडायची रीत नव्हती. आता तुम्हीच नाही, मग रीत कुणासाठी पाळू?

गाव तुम्हाला वस्ताद म्हणायचं. तालमीतली पोरं तुमच्या पायावर डोकं ठेवूनच मातीत उतरायची. दारात म्हशी, कृष्णाकाठचा ऊस, आणि तुमचं ते एकच बोलणं: "दूध पितो त्यो गडी. बाकी समदी लाकडं."

मी दहिवडीकडची. आमच्या माण तालुक्यात दूध दिसायचं ते शेळीचं, तेही पाऊस झाला तर. हळदीच्या अंगानं मी तुमचा उंबरा ओलांडला तेव्हाच तुम्ही पाहुण्यांदेखत म्हणालात, "दुष्काळातली पोर आणलीया. हिला साय बी वळखायची न्हाई." पाहुणे हसले. मीही मान खाली घालून हसले. दुसरं काय करणार होते?

तुमचा लेक मात्र हसला नव्हता. म्हणून तर मी टिकले.

लग्नाची रजा संपल्यावर ते पलटणीत परत गेले आणि तिथून ब्रह्मदेशात. लढाई संपल्यावर आले, तेव्हा तुम्ही मोटारीपाशी हार घेऊन उभे होता. ते उतरले. गालाची हाडं वर आलेली, सदरा खुंटीला अडकवल्यासारखा अंगावर. तुम्ही त्यांच्या खांद्यावरून मोटारीत डोकावून पाहिलंत, अजून कुणी उतरतंय का म्हणून! मग हार त्यांच्या हातात दिलात. गळ्यात नाही घातलात. "सरकारनं पैलवान नेला आन् हाडं परत धाडली," एवढंच म्हणालात आणि पुढं चालू लागलात.

घरी येताच दुधाचा तांब्या. ते नको म्हणत होते, तुम्ही ऐकलं नाही. संध्याकाळपर्यंत ते परसात आणि घरात, परसात आणि घरात. शेवटी भिंत धरून चालायला लागले.

मिरजेच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. जंगलात महिनोन् महिने आव पडून आतडी सोलून निघालीत. दूध, दही, ताक, काही द्यायचं नाही. दिलंत तर रक्त पडेल. तुम्ही बाहेर बाकावर बसला होता. मी दाराआडून सगळं सांगितलं, तर म्हणालात, "रेडकाला पचतंय, मानसाला न पचाया काय झालं?"

मग मी माझ्या आईचा उकाळा केला. आमच्याकडं दूध नसायचं, म्हणून पाहुण्याला हाच द्यायचे. सुंठ पाट्यावर ठेचायची. जिरं आणि बडीशेप तव्यावर वास सुटेपर्यंतच परतायची, करपली की कडू लागते. चार मिरे, मोरीजवळचा गवती चहा. पाणी निम्मं झालं की पातेलं खाली घ्यायचं आणि मगच गूळ टाकायचा. गूळ आपल्याच गुऱ्हाळाचा होता, मामंजी, तुमच्याच उसाचा. यात वाईट काय होतं, सांगा ना?

पहिला पेला ते भीत भीत प्याले. पिऊन पोटावर हात ठेवून बसले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "सोने, ऱ्हायलं गं पोटात." आणि रडले. फड गाजवलेला गडी, एक पेला पोटात राहिला म्हणून रडला!

त्यानंतर रोज तांदळाची पेज आणि उकाळा. हळूहळू अंगावर मांस धरायला लागलं. ते चुलीपाशी येऊन बसायचे, स्वतः सुंठ ठेचायचे. एकदा तिची पूड नाकात गेली आणि त्यांना अशा शिंका आल्या की थांबेचनात. आम्ही दोघं पोट धरून हसलो. परत आल्यापासून ते पहिल्यांदा हसले होते. आणि त्याच हसण्याच्या आवाजानं तुम्ही स्वयंपाकघरात आलात.

चुलीवरून नुकतं उतरवलेलं पातेलं तुम्ही पायानं उडवलंत. सगळा उकाळा माझ्या पावलांवर. मी ओरडले, पण तुमचं लक्ष लेकाकडं होतं.

"चुलीपाशी बसून बाळंतिणीचं पानी पितूया! वस्तादाचा ल्योक बायकूच्या पदराखाली लपलाय व्हय रं?"

"आवं आबा, डाक्टरनंच सांगितलंय..."

"डाक्टर तुझा बा न्हवं. उद्या तालमीत यायचं."

माझ्या पायांवर त्यांनी कोरफडीचा गर लावला. मी म्हटलं, जाऊ नका. ते म्हणाले, "न जाऊन कसं चालंल? आबा हायती."

तालमीची खिडकी आपल्या परसात उघडते. मी तिथं उभी होते, मामंजी. तुम्हाला हे कधी कळलं नाही. तुम्ही पोरांना भिंतीकडेनं ओळीनं बसवलं होतंत. लेकाला लंगोट लावून मधोमध उभं केलंत आणि धारोष्ण दुधाचा तांब्या त्यांच्या तोंडाला लावलात.

"आबा, नगा. पाया पडतो."

"पी."

ते प्याले. तुम्ही दुसरा तांब्या मागवलात. ते तोही प्याले. जपान्यांच्या गोळ्यांपुढं उभा राहिलेला माणूस, तुमच्यापुढं त्याला तोंड बाजूला वळवता आलं नाही! मग तुम्ही त्यांना बैठका मारायला लावल्यात. थोड्याच वेळात ते पोट धरून वाकले, आणि जे व्हायचं ते सगळ्यांदेखत, त्या मातीत झालं.

तुम्ही काय म्हणालात, आठवतंय? "बगा रं पोरांनू. फौजेनं बाई करून धाडलाय ह्याला." पोरं तुमच्याकडं बघत होती. तुम्ही हसलात, तेव्हा तीही हसली.

ते उठेनात. कुणी हात दिला नाही. तालमीत बाईनं पाऊल ठेवायचं नसतं, हे मला ठाऊक होतं. तरी मी आत गेले. फोडांच्या पायांनी मातीत उतरले, दोरीवरून ओढलेलं माझं लुगडं त्यांच्या कमरेला गुंडाळलं आणि खांद्याचा आधार देऊन बाहेर आणलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही तालमीच्या हौद्यातली सगळी माती उपसून नदीत टाकलीत. तांबडी माती नवी आणली, तिच्यात तेल, हळद, ताक घातलंत. कुणी विचारलं तर सांगायचात, "सुनंनं बाटवली." लेकाच्या अंगातून पडलेल्या रक्तानं नाही हं! माझ्या पायांनी!

ते वाचले. अंथरुणातून उठले. पण पुन्हा चुलीपाशी आले नाहीत. एक दिवस ट्रंक भरली. मी आडवी आले तर म्हणाले, "तुझ्या डोळ्यात मला त्यो दिस दिसतोय, सोना. तू बगितलं नसतंस, तर मी ऱ्हायलो असतो." आणि मुंबईला गेले, गोदीत कामाला.

आता मला सांगा, मामंजी. मी आत गेले नसते तर ते राहिले असते का? आणि आत न जाता मी बायको म्हणून कशी राहिले असते? भाकरी थापताना, म्हशी धुताना हाच प्रश्न. याचं उत्तर तुमच्याकडं मागायचं होतं, पण रीत नव्हती ना!

तुम्ही तर लेकाला मारूनच टाकलंत. परगावचे पैलवान यायचे, विचारायचे, "वस्ताद, शिरपती कुटं हाय?" तुम्ही छाती काढून सांगायचात, "लढाईत ग्येला." गावातल्या कुणाची तुमचं खोटं उघडं पाडायची छाती नव्हती. आणि मी? एकदा तुम्ही दारात येऊन मला म्हणालात, "पावणं हायती तवर कुकू पुसून बस." जित्या नवऱ्याचं कुंकू! मी पुसलं नाही. गोठ्यात जाऊन बसले, पाहुणे जाईपर्यंत. त्यानंतर पाहुणे आले की तुम्ही नुसतं गोठ्याकडं बोट दाखवायचात.

मग तुम्ही पडलात. कमरेखालचं सगळं गेलं. तुमचं सगळं मीच केलं, आणि एकदाही नाक मुरडलं नाही. हे माझं चांगलेपण नव्हे. किळस न करता हे करता येतं, हे तुम्हाला बघायला लावायचं होतं.

शेवटी मी मुंबईला निरोप धाडला. ते आले. आता अंगानं बरे होते, कानशिलावर केस पांढरे. तुमच्या पायाशी उभे राहिले. तुम्हाला शुद्ध होती. जरा आधीच म्हशीला पेंड घातली का, असं तुम्ही मला विचारलं होतंत. मी म्हटलं, "मामंजी, तुमचा ल्योक आलाय."

तुम्ही त्यांच्याकडं नीट निरखून पाहिलंत. वरपासून खालपर्यंत.

"माझा ल्योक लढाईत ग्येला," म्हणालात. "ह्या पावण्याला च्यापानी दे, आन् वाटंला लाव."

तुमचा तो 'पावणा' उंबऱ्यावर बसला. मी उकाळा केला. ते सावकाश प्याले आणि पेला उंबऱ्यावर ठेवून म्हणाले, "मी आलो नसतो तर बरं झालं असतं न्हाई?" मी तो पेला पुन्हा भरला.

दोन दिवसांनी तुम्ही गेलात. अग्नी त्यांनीच दिला. गाव म्हणालं, केवढा गुणी लेक! काल पंगती उठल्यावर त्यांनी मला विचारलं, "खोली लहान हाय. येतीस का?" मी हो म्हटलं. माझ्या डोळ्यांत त्यांना अजून तो दिवस दिसतो का, ते मी विचारलं नाही.

तुमच्याबद्दल एक चांगली गोष्ट मला ठाऊक आहे. नदीला मोठा पूर आला होता त्या साली, पलीकडच्या वस्तीतली आंधळी म्हातारी तुम्ही पाठीवर बांधून पोहत आणलीत. ती शेळीसाठी रडायला लागली, तर पुन्हा पाण्यात उडी घेतलीत आणि शेळीही आणलीत. काठावरच्या बायका तुमच्या पाया पडल्या. मीही पडले होते, मनापासून.

आम्हाला मूलबाळ झालं, तर ते कधीतरी विचारेल, आजोबा कसे होते? मामंजी, मी वचन देते. तुमचं वाईट मी त्याला सांगणार नाही. आणि ती पुराची गोष्टही सांगणार नाही. म्हणेन, मला ठाऊक नाही बाळा, मी त्यांना पाहिलंच नाही.

तुमची सून,
सोना